मुका कुत्रा आणि पोस्टमनचा शब्द

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी राहुरीला शाळामास्तर होतो. गावात मला खरा मित्र एकच होता, आमचा पोस्टमन. त्याचा मी विश्वासघात केला. हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

कुत्रा त्यालाच सापडला. मुळा नदीकाठच्या वस्त्यांवर टपाल वाटून परतताना बाभळीखाली पडलेला दिसला. पिल्लू असताना कुणीतरी त्याच्या गळ्यात सुतळी बांधली होती आणि ती सोडायची राहून गेली होती. कुत्रा वाढला, सुतळी मांसात रुतली. पोस्टमनने त्याला टपालाच्या रिकाम्या पिशवीत घालून माझ्या खोलीवर आणलं.

"अरे, सरकारी पिशवीत कुत्रा?"

"रजिस्टर आहे, गुरुजी. सही करून घ्या."

गुरांचा दवाखाना नगरला होता. तिकडे जाणारी सर्व्हिस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चाले. ड्रायव्हर म्हणाला, "हितं मान्सं टपावर बसत्यात, अन् कुत्रं कुठं घालू?" पोस्टमन म्हणाला, "मास्तरांचा पाव्हना हाय. मांडीवर बसंल." सगळी मोटार हसली आणि आम्हाला जागा मिळाली.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला. पोस्टमनने कुत्र्याचे पाय धरले, मी डोकं. सुतळी निघाली ती काळी पडलेली, केसांसकट. पोस्टमन दूध आणायला बाहेर गेला. डॉक्टर हात धूत म्हणाले, "वाचेल हा. पण गळ्याच्या आतली इजा मोठी आहे. पुन्हा भुंकणार नाही."

पोस्टमन दूध घेऊन आला तेव्हा मी गप्प राहिलो. कारण येतानाच तो म्हणाला होता की एका वस्तीवर राखणीला कुत्रा हवा आहे. तिकडे लांडग्यांचा उपद्रव वाढला होता. न भुंकणारा कुत्रा राखणीला कोण घेणार? माझ्या घरमालकांचं सोवळं कडक होतं. कुत्रा ओसरीच्या पायरीवरही चालला नसता. पोस्टमनची एक खोली, तीत सात माणसं. मला त्या जिवाला घर मिळवून द्यायचं होतं. खोटं बोलायला एवढं पुरलं.

त्या वस्तीवर एक म्हातारी आणि तिचा थोरला मुलगा राहत. धाकटा पलटणीत, समुद्रापार. त्याची पत्रं पोस्टमनच तिला वाचून दाखवी, एकेक दोनदा.

"भुंकतंय का रं ह्ये?" आम्ही कुत्रा घेऊन गेलो तेव्हा तिने विचारलं.

पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जखम भरली की भुंकेल, आजी."

"माझा शब्द हाय," पोस्टमन म्हणाला.

दीड महिन्यानंतर लांडग्याने त्यांच्या दोन शेळ्या नेल्या. कुत्रा दारावर नखं ओढत राहिला होता. सकाळी फळीवर ओरखडे दिसले. आवाजच नव्हता, त्यामुळे कुणी जागं झालं नाही. मग थोरला त्याला नगरला दाखवायला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, ज्यांनी आणला होता त्यांना मी त्याच दिवशी सांगितलंय.

पोस्टमन मधल्या सुट्टीत शाळेत आला.

"मी दुधाला गेलो तेव्हा सांगितलं का डॉक्टरांनी?"

"हो."

तो फळ्याकडे वळला. मग म्हणाला, "परवा धाकट्याचं पत्र आलं. मीच नेलं. म्हातारीनं ते वाचायला दुसऱ्या वस्तीवरनं माणूस बोलावला. म्हणाली, कुत्र्याचं लपवलंस, मग माझ्या पोराचं काय काय लपवलं असशील? गुरुजी, तुम्ही एवढंच सांगा तिला, की मला ठाऊक नव्हतं."

रविवारी मी गेलो. कुत्रा माझ्या पायाशी येऊन लोळला. म्हातारीने गुळाचा चहा केला, बसायला घोंगडी टाकली.

"मुकं हाय म्हून टाकलं नसतं आमी त्याला," ती म्हणाली. "जोडीला दुसरं भुंकतं आनलं असतं. पन सांगायला नगं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "तुमचा काय दोस, गुरुजी? तुमी शिकलेली मानसं, भोळी. तुमाला बी त्येनंच फशिवलं."

एवढं सोपं झालं ते. मी चहा प्यालो. तिने पुन्हा ओतला, तोही प्यालो. शेळ्यांबद्दल हळहळलो. पोस्टमनचं नाव काढलं नाही.

परत आलो तर तो सायकल घेऊन रस्त्यावर उभा होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

त्याचा चेहरा उजळला. तो आजही दिसतो मला.

पुढचं पत्र आलं तेव्हा तो उमेदीने गेला. म्हातारीने पत्र घेतलं, पदराखाली धरलं आणि तो जाईपर्यंत अंगणात उभी राहिली. हे मला गावातल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं. त्या दिवसापासून माझं टपाल पोस्टमन हाक न मारता उंबऱ्यावर ठेवून जाई. पुढे त्याची बदली झाली, तेही मला नव्या पोस्टमनकडून समजलं.

कुत्रा त्या वस्तीवर बरीच वर्षं जगला. म्हातारीने त्याला कधी उपाशी ठेवलं नाही. मास्तरांनी एका मुक्या जनावराला जीवदान दिलं, घर दिलं, असं गावात लोक म्हणत. मी 'असं म्हणू नका' म्हणायचो, पण खरं काय ते कधी सांगितलं नाही.