रेगे, भोंगा आणि मयूर विहारातली जयंती

दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, आणि तुमचा पप्पा कॉलेजातून रोज नवी कॅसेट आणत होता. त्या रविवारची कॅसेट जमैकातल्या रेगे संगीताची होती.

मला आधी ठेकाच सापडेना. टाळी पडेल असं वाटावं तिथे शांतता, आणि टाळी नंतरच्या फटीत. पाय मात्र हलू लागला.

"आई, तू नाचतेयस," पप्पा म्हणाला.

"मी मेथी निवडतेय."

मग तो सांगतच सुटला. हे गाणारे म्हणजे उसाच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं. शहराच्या कडेला पत्र्याच्या वस्त्यांत राहायची. बँड परवडत नव्हता, रेडिओ त्यांची गाणी लावत नव्हता. म्हणून कपाटाएवढे स्पीकर रस्त्यावर मांडून अख्खी वस्ती नाचायची. पुढे त्याच गल्ल्यांतली पोरं भुकेवर, पोलिसांवर, स्वाभिमानावर गाणी करू लागली.

"स्पीकरचं तोंड कुठे असायचं?" पेपरामागून तुमच्या आजोबांनी विचारलं. "नागपूरला चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही भोंगा मोठ्या रस्त्याकडे तोंड करून बांधायचो. वस्तीला गाणी पाठच होती. ऐकायची ती बाकीच्यांनी."

मी मेथी खाली ठेवली. दिल्लीत आल्यापासून हे त्यांनी कधी काढलं नव्हतं. इथे आमची जयंती दार लावून, हळू आवाजात व्हायची. आम्ही बौद्ध आहोत हे नव्या शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं; कळलं तर येणंजाणं तुटेल, ही आजोबांना धास्ती.

"मग यंदा खाली चौकात करू या ना, बाबा," पप्पा म्हणाला.

"अच्छा? आणि शेजारी साखर मागायला यायचे थांबले तर?"

"तर साखर वाचेल," मी म्हणाले.

आजोबा उठले, शर्ट चढवला आणि खालच्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींची घंटा वाजवली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"किस चीज का प्रोग्राम है जी?"

"जयंती है. हम बौद्ध हैं." आवाज सगळ्या मजल्यांवर गेला.

सेक्रेटरी म्हणाले, "ठीक है जी. पर बच्चों के इम्तिहान हैं, आवाज धीमी रखना."

"धीमी तो नहीं होगी," आजोबा म्हणाले. "जल्दी बंद कर देंगे."

वर कुणाचं तरी दार उघडलं. मी खाली उतरून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.