आफ्रीनचं दिल्लीचं शिक्षण

पाटोद्यात आमच्या शेजारी नबी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरतो. त्याची थोरली आफ्रीन दिल्लीच्या नामांकित विद्यापीठात शिकून आता बीडच्या कॉलेजात शिकवते. यंदा धाकट्या शहजादीलाही दिल्लीच्या त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण तिला पाठवायचं नबीचं मन होईना. मंगळवारी मोटारीत तार भरता भरता त्याने माझ्यासमोरच आफ्रीनला विचारलं.

"बीडात शिकून बी हीच नोकरी लागली असती ना?"

"लागली असती, अब्बा."

"मग एवढ्या लांब कावून?"

"तिथं एका सरांना मी प्रश्न विचारला. ते म्हणाले, मलाही माहीत नाही, चल शोधू."

नबीचे हात थांबले. पोरवयात हे काम शिकताना, तारेचे वेढे इतकेच का, असं त्याने विचारल्यावर शिकवणाऱ्या उस्तादाने त्याला दिवसभर दुकानाबाहेर उभं केलं होतं. नबी अजून तेवढेच वेढे देतो, का ते माहीत नसताना.

"जाऊ दे शहजादीला," तो म्हणाला.