ऱ्हाइन पाहून आलेला म्हातारा

तेव्हा मी ओमानमध्ये, रुवीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत होतो. जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीवरच्या बोटसफरी आम्ही विकायचो. दोन्ही काठांना द्राक्षमळे, वर किल्ले, सगळं कसं निवांत. आमचं एक ओमानी गिऱ्हाईक वडिलांना ती सफर घडवून आलं आणि दोघं मुद्दाम फोटो दाखवायला आले. म्हातारा खाबुऱ्याकडच्या डोंगरातला शेतकरी.

प्रत्येक फोटोत तो बोटीच्या कठड्याशी बसलेला आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर.

"बाबा, कंटाळलात की काय?" मी विचारलं.

"कंटाळा कसला! सवय आहे," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. त्याच्या गावाला डोंगरातून एकच पाट येतो, त्याला फलज म्हणतात. प्रत्येक बागेला घड्याळ लावून पाणी मिळतं. त्याच्या खजुरांना आठवड्यातून अर्धा तास.

"तिथे पाच दिवस बघत होतो. पाणी आपलं चाललंय, चाललंय. 'खलास, आता माझी पाळी' असं कोणी म्हणेना." मग मशिदीत बोलावं तसा त्याचा आवाज खाली आला. "एवढं पाणी, सदीक, माझ्या दोस्ता, आणि त्याची वाट बघणारं कोणीच नाही!"

ती नदी मी तीन वर्षं विकत होतो. ती केवढी मोठी आहे हे मला त्या दुपारी कळलं.

मी चहा मागवणार, तेवढ्यात म्हाताऱ्याने घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठला.

"यल्ला! आज मगरिबच्या नमाजाआधी माझी पाळी आहे."