बारा व्होल्टचा टीव्ही

गाडीत टीव्ही हवा, ही मागणी आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाची होती. आमच्या डोक्यात टीव्ही नव्हताच. आम्ही तिघं, म्हणजे मम्मी, पप्पा आणि मी, तोवर पाण्याच्या टाकीत आणि पलंगांच्या बिजागऱ्यांत अडकलो होतो.

गाडी म्हणजे पप्पांची जुनी शाळेची बस. एकोणीस वर्षं त्यांनी ती चालवली आणि शाळेने नवी बस घेतली तेव्हा जुनी स्वतः घेतली. कात्रजला आमच्या घरामागे मोकळी जागा आहे. तिथे एका सुतार मित्राला हाताशी धरून त्यांनी तिची कॅराव्हॅन केली. दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन, मागे दाराआड संडास. लोकांनी ती भाड्याने घ्यायची, पप्पांनी चालवायची, एवढाच बेत होता. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे गाडीतली प्रत्येक वायर आपोआप माझ्याकडे आली. मला जमेल असं मी म्हटलं नव्हतं. जमणार नाही असंही म्हटलं नव्हतं. पप्पा मात्र भेटेल त्याला सांगत होते, "वायरिंगचं टेन्शन नाही. पोरगी इलेक्ट्रिकल करते."

पहिलं गिऱ्हाईक त्याच शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे सर. ते सदाशिव पेठेत राहतात. सहलींच्या निमित्ताने पप्पांची आणि त्यांची जुनी ओळख. ते गाडी बघायला आले, पलंगावर बसून पाहिलं, नळ उघडून पाहिला आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे. टीव्ही कुठाय?"

"टीव्ही नाही बसवला, सर," पप्पा म्हणाले.

"मग दिवसभर काय एकमेकांची तोंडं बघायची? ती चाळीस वर्षं बघून झालीत."

मग त्यांनी अडचण सांगितली. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. हॉटेलच्या पायऱ्या, उंच-सखल वाटा त्यांना नको होत्या, पण कित्येक महिन्यांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना खडकवासल्याला पाण्याजवळ एक दिवस बसायचं होतं. त्यासाठी रविवार ठरला होता, आणि नेमका त्याच दिवशी कसोटी सामना होता, आणि सर कसोटीचा एक चेंडू सोडत नाहीत.

"तिला पाणी बघायचंय, मला मॅच. साडेनऊ ते साडेचार. तुमचा टीव्ही तेवढा वेळ चालणार असेल तर सोमवारपर्यंत सांगा. मध्येच बंद पडणार असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी घरी बसतो आणि ती गॅलरीतून समोरच्यांची टाकी बघेल."

सोमवारला आठवडा होता, आणि सरांचा तो रविवार त्याच्याही पुढचा. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं शेवटचं पान उघडलं.

हिशेब मला सोपा वाटला होता. हे लिहितानाही जरा संकोच वाटतोय, पण तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, कारण वर्गातलं काहीतरी पहिल्यांदा घरातल्या वस्तूला लागू पडत होतं. गाडीत इंजिनच्या बॅटरीशिवाय एक वेगळी मोठी बॅटरी बसवली होती. ती घरच्या प्लगवर चार्ज करायची आणि वापरायची. ती पूर्ण रिकामी करायची नसते, निम्मीच वापरायची. त्या निम्म्यात टीव्ही सात तास सहज चालतो, असं गणित सांगत होतं. बॅटरीचे बारा व्होल्ट, टीव्हीला लागतात घरातल्यासारखे दोनशे तीस. मध्ये इन्व्हर्टर लावला की झालं.

टीव्ही घ्यायला आम्ही तिघं बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने आधी चोवीस इंची दाखवला. पप्पा म्हणाले, "हा तर कॉम्प्युटर वाटतोय."

"गाडीसाठी हाच बरा," दुकानदार म्हणाला. "याचा अडॅप्टर बाहेर असतो बघा, बारा व्होल्टचा."

मी ते ऐकलं. अडॅप्टर उलटा करून त्यावरचं वाचलंसुद्धा. पण मम्मी बत्तीस इंचीसमोर उभी होती. आमच्या गल्लीत टीव्ही इंचांत मोजतात. कुणाकडे नवा आला की पहिला प्रश्न 'केवढा?' असतो. मम्मी म्हणाली, "गिऱ्हाईक गाडीत पाऊल टाकल्या टाकल्या भिंत बघणार. भिंत भरली पाहिजे."

मला काहीतरी म्हणायचं होतं. पण माझ्या गणितात बत्तीस इंचीही बसत होता, मग काय म्हणणार. आम्ही बत्तीस इंची घेतला.

गुरुवारी मी टीव्ही, घरचाच सेट-टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर जोडला आणि रात्रभर बॅटरी चार्ज केली. शुक्रवारी सकाळी प्लग काढला. त्या रविवारी आम्ही तिघं खडकवासल्याला जाऊन सरांसारखाच दिवस काढून बघणार होतो. साडेनऊ ते साडेचार टीव्ही चालला की सरांना होकार.

रविवारी पाण्याकाठी गाडी लावल्यावर डिशची दिशा सापडेना. मी मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन गोल फिरत होते. पप्पा थोडा वेळ बघत राहिले, मग वस्तीच्या दिशेला वळले आणि पत्र्यांवरच्या डिश बघून आले. "सगळ्यांची तोंडं तिकडं हायत," ते म्हणाले आणि आमची तशीच फिरवली. चित्र आलं. मम्मी खळखळून हसली. मलाही हसू आलं.

आम्ही जुना सिनेमा लावला, मम्मीने पोहे केले, पाण्यावरून वारा येत होता. साडेबाराच्या सुमारास इन्व्हर्टरने लांबलचक शिट्टी मारली आणि पडदा काळा झाला.

सात तासांचं गणित तीन तासांत संपलं होतं. मी वायरी हलवून पाहिल्या, वही उघडली, पुन्हा गुणाकार केला. उत्तर तेच आलं. पप्पांनी डिश उतरवली. परतीच्या वाटेवर मी मागच्या पलंगावर बसून होते. माझ्या मनात एकच होतं, की मी वर्गात मार्क मिळवू शकते, पण घरात एक टीव्ही चालवू शकत नाही. आणि पप्पा इतक्या लोकांना सांगून बसलेत.

घरी पोचल्यावर पप्पांनी विचारलं, "तू काय काय मोजलंस?"

"टीव्ही. बॉक्स. पंखा. दिवे."

"म्हणजे जे जे लावलं ते."

"हो."

"मी सकाळी बस काढायचो तेव्हा आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचो. काही बिघडलंय म्हणून नाही. काल सोडली तशीच आहे का बघायला. तू तशी फेरी मार."

सोमवारी मी लॅबमधल्या मामांकडे क्लॅम्प मीटर मागितला. हा मीटर वायरीभोवती नुसता चिमट्यासारखा धरायचा, आतून किती करंट जातोय ते कळतं. मामा म्हणाले, "प्रोजेक्ट का?" मी म्हटलं, "घरचं आहे." त्यांनी जरा विचार करून दिला. "उद्या टेबलावर पाहिजे. नाहीतर लॅबच्या सरांना मी काय चिमटा काढून दाखवू?"

घरी आल्यावर मी रात्रभर चार्ज केलेल्या बॅटरीचा प्लग काढला आणि गाडीतली एकेक वस्तू बंद करत गेले. टीव्ही, बॉक्स, पंखा, दिवे. सगळं बंद झाल्यावर बॅटरीच्या वायरीला मीटर लावला. शून्य यायला हवं होतं. आलं नाही. दीड अँपिअरच्या वर आकडा स्थिर उभा होता.

तेव्हा मला तो दिवा दिसला. ओट्यावरच्या फळीवर मम्मीने बुद्धांची छोटी मूर्ती ठेवली होती, आणि मूर्तीमागे बोटाएवढा निळा दिवा. आमच्या घरी तसाच एक आहे, तो मला आठवतं तेव्हापासून कधी विझलेला नाही. नव्या जागेत पहिल्यांदा तो लागतो, मग बाकीचं सामान येतं. गाडीलाही मम्मीने घरच मानलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने तो मोबाइलच्या चार्जरमधून इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावला होता आणि त्यासाठी इन्व्हर्टरचं बटण दाबलं होतं. मी तो रोज पाहिला होता. पण घरातला दिवा कुणाच्या लक्षात येत नाही, तसा तोही माझ्या लक्षात आला नव्हता.

मम्मी दारात उभी होती. "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

मी दिवा बंद केला. आकडा जेमतेम हलला. दिवा जवळजवळ काहीच खात नव्हता. मग इन्व्हर्टरचं बटण बंद केलं, आणि मीटर शून्यावर आला.

"दिव्याने नाही," मी म्हटलं. "इन्व्हर्टर चालू असला की काही लावलेलं नसतानाही बॅटरी खातो. जागा राहायलाच त्याला लागतं. शुक्रवारपासून तो एवढ्याशा दिव्यासाठी जागा होता. आपण रविवारी टीव्ही लावला तेव्हा बॅटरी निम्म्याहून जास्त गेली होती."

हे मी मम्मीला सांगत होते, पण ऐकत पप्पा होते. ते इन्व्हर्टरजवळ वाकले. "म्हणजे स्टँडवर इंजिन चालू ठेवल्यासारखं."

"हो. अगदी तसंच."

एवढं चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

"मग दिवा काढायचा का?" मम्मीने विचारलं. तिने ते सहज विचारल्यासारखं विचारलं, पण तिचा हात फळीवर होता.

"नको. इन्व्हर्टरच बंद ठेवू. टीव्हीसाठी तो लागतच नाही." मला दुकानातला चोवीस इंची आठवला. बॅटरी बारा व्होल्टची, तो टीव्ही बारा व्होल्टचा, आमचा सेट-टॉप बॉक्सही बारा व्होल्टचा. बाराचे दोनशे तीस करायचे आणि टीव्हीने ते पुन्हा उतरवायचे, हा सगळा फेरा मीच घातला होता. मध्ये व्होल्ट स्थिर ठेवणारी एक छोटी डबी आणि फ्यूज, बस. दिव्याला तर गाडीतलं बारा व्होल्टवरचं मोबाइल चार्ज करायचं सॉकेट पुरलं असतं. "मिक्सर लावायचा तेव्हाच इन्व्हर्टर चालू करायचा," मी म्हटलं.

पप्पांनी खिशातून फोन काढला. सरांचा नंबर लावायच्या आधी थांबले. "होकार सांगू का?"

मला म्हणायचं होतं की आधी टीव्ही आणू, जोडू, दोनदा तपासू. मी मीटरच्या शून्याकडे पाहिलं.

"सांगा," मी म्हटलं. आवाज फारसा मोठा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मीटर परत करताना मामांकडे आणखी दोन दिवस मागून घेतला. बत्तीस इंची घरात लागला आणि घरातली भिंत भरली, त्यामुळे मम्मीची काही तक्रार राहिली नाही. चोवीस इंची गाडीत लागला. चालू असताना त्याच्या वायरीवर मीटर धरला, तर आकडा दोनच्या जरासा वर, म्हणजे रिकामा इन्व्हर्टर खायचा त्याहून थोडाच जास्त. तीनदा धरून पाहिला. मग बुधवारी कॉलेज नसताना साडेनऊला टीव्ही लावला आणि साडेचारपर्यंत गाडीतच बसून अभ्यास केला. बॅटरीला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

सरांच्या रविवारी मीही गेले. पप्पा म्हणाले, "ऑपरेटर पाहिजे." पप्पांनी डिश पहिल्याच फेरीत लावली. काकू दाराशी खुर्ची टाकून बसल्या, पाय स्टुलावर. त्यांच्यासमोर पाणी होतं आणि मागे चेंडूंचा आवाज. सरांनी टीव्हीकडे पाहिलं.

"छोटाय."

"पण टिकेल, सर," पप्पा म्हणाले.

"हे सुतारही आम्हाला शाळेत सांगायचे. प्रत्येक बेंचबद्दल."

अकरा वाजता त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "अजून चालतोय?" साडेबाराला मी घड्याळ बघितलं. शिट्टी वाजवणारं यंत्र बंद होतं, तरी कान तिकडेच होते. काही झालं नाही. दोनच्या सुमारास सरांना डुलकी लागली, तर काकूंनी मागे वळून मला खुणेने बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "बंद करू नकोस हं. आवाज थांबला की जागे होतात."

डुलकी संपल्यावर सरांनी मला विचारलं, "तू काय शिकतेस?"

"इलेक्ट्रिकल. दुसरं वर्ष."

"म्हणजे हे तू केलंस?"

मी हो म्हणणार होते, पण आधीचा रविवार आठवला. पप्पा ओट्यापाशी चहा गाळत होते. तिथूनच ते बोलू लागले.

"सर, आधी आम्ही इन्व्हर्टर लावला होता. आता तुम्हाला वाटेल, काही लावलं नाही तर तो काय खाणार. पण तो जागा राहायलाच खातो. स्टँडवर इंजिन चालू ठेवावं तसं. म्हणून हिने सरळ बारा व्होल्टवर घेतलं. बाराचे दोनशे तीस करायचे कशाला?"

माझं वाक्य आणि त्यांचं वाक्य असं एकत्र, न अडखळता. सरांनी चहा घेतला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ड्रायव्हर पण शिकलाय की तुझ्या कॉलेजात," ते म्हणाले.

पप्पा हसले. मी कप गोळा केले.

साडेचारला खेळ थांबला तेव्हा टीव्ही चालूच होता. काकूंना अजून पंधरा मिनिटं पाण्याकडे बघायचं होतं, म्हणून आम्ही थांबलो. मग पप्पांनी निघण्याआधीची नेहमीची फेरी मारली. चारी टायर, दोन्ही आरसे, मागचं दार. त्यानंतर ते आत आले, वाकले आणि इन्व्हर्टरचं बटण बंद आहे ना, हे बोट लावून पाहिलं. फळीवरचा निळा दिवा चालू होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.