कुटुंबावरचं प्रकरण

समाजशास्त्राचा विभाग सरकारने बंद केला तेव्हा तान रुइफांग सव्वीस वर्षांच्या होत्या. पुढची सत्तावीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात कार्डं लिहिण्यात घालवली. विभाग पुन्हा उघडला, त्यांना बोलावणं आलं, तोवर गुडघे गेले होते. चेंगडूच्या त्या विद्यापीठात मी टंकलेखिका होते.

नवं पाठ्यपुस्तक लिहायला तिघांना बसवलं. गेंग सर रशियन वळणाचे, सगळं वर्गसंघर्षावर आणून सोडणारे. तरुण मियाओ दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेला, त्याला आकडे हवेत. तानबाई जुन्या गावपाहणीत तयार झालेल्या. कुटुंबावरचं प्रकरण मी नऊदा टाइप केलं.

"आधी व्याख्या ठरवा," मियाओ म्हणायचा.

"कुणाची? तुझ्या अमेरिकेची?"

"नको, तुमच्या मॉस्कोची घ्या!"

शेवटी तानबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला आता ऐकवत नाही. चला, कुणाच्या तरी घरी जाऊन विचारू."

शहराबाहेरच्या गावात लुओ आजी मोहरीची पानं वाळत घालत होत्या. टिपून घ्यायला मीही गेले होते.

"आजी, घरात माणसं किती?" मियाओने विचारलं.

"चुलीवर चौघं. नोंदणीत सहा, दोघं बांधकामावर गेलीत. पितरांच्या दिवशी आलास तर चाळीस."

"जमीन कोण कसतं?" गेंग सर पुढे सरकले.

"मी आणि सून. करारावर नाव मात्र मुलाचं. पण तुम्ही विचारताय कशासाठी? धान्य वाटायचंय की माणसं कामाला न्यायचीत? तसं सांगते."

गेंग सरांना आधी हसू आलं, मग मियाओला.

तानबाईंनी महिनाभर बसून ते प्रकरण लिहिलं. पहिली चार पानं लुओ आजींशी झालेल्या बोलण्याचीच होती. पुढे म्हटलं होतं, अभ्यासाची प्रत्येक परंपरा घराला वेगळा प्रश्न विचारते, म्हणून उत्तरं वेगळी येतात. एकीला खोटं पाडून दुसरी खरी ठरत नाही. गेंग सर कुरकुरले, मियाओने दोन परिच्छेद छाटले, पण सह्या दोघांनीही केल्या.

छापून आलं तेव्हा सुरुवातीलाच एक ठोक व्याख्या होती आणि आजींची चार पानं दोन ओळींची तळटीप झाली होती. सरकारी तपासणी समितीचं काम.

"बाई, भांडा ना!" मी म्हटलं.

"या दोघांशी भांडण्यात तीन वर्षं गेली गं. आता त्राण नाही."

त्या निवृत्त झाल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मियाओ घरी आला. "बाई, मी भांडतो. मूळ कागद द्या."

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "खालच्या खणात. आणि जाताना दार ओढून घे, मी जरा पडते."

या वेळी चारही पानं छापली गेली. बाईंनी ती वाचली, लुओ आजींच्या गावाचं नाव चुकल्याचं मियाओला कळवलं आणि पुस्तक मिटलं.