जुन्या गावावरून शेवटची लाँच

हिंगोलीला फिरायला कोण जातं, असं मला आजवर निदान दहा जणांनी विचारलं असेल. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला लोक जातात, तेही दर्शन झालं की परतीची गाडी धरतात. मीसुद्धा फिरायला गेले नव्हते. आईनं मला मामाला घेऊन यायला पाठवलं होतं. या ब्लॉगवर मी कोकणातल्या खाडीपासून महाबळेश्वरच्या मक्याच्या कणसापर्यंत सगळं लिहिलं, पण जो प्रवास सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो लिहायचं टाळत आले. आता लिहून टाकते.

हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. दिवाळीनंतर मामाचं पोस्टकार्ड आलं. ‘आक्कास नमस्कार. पूल झाला. लाँच मोडीत काढली. येत्या सोमवारी शेवटची फेरी आहे. पलीकडच्या काठाला नेऊन तोडणार आहेत. तू एकदा तिच्यात बस. वाट बघतो.’

हे नीट कळायला थोडं मागचं सांगायला हवं. पैनगंगेवर मोठं धरण झालं तेव्हा आईचं माहेर पाण्याखाली गेलं. गाव उठून वरच्या माळावर आलं. पलीकडच्या गावांशी सोयरिकी, बाजार, शाळा सगळं होतं आणि मध्ये आता हे एवढं पाणी. म्हणून एक लोखंडी लाँच सुरू झाली आणि ती चालवायला माझा मामा लागला. आई तोवर लग्न होऊन पुण्याला आली होती. तिला हे कळलं तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘ज्या पाण्यानं आपलं घर गिळलं, त्याच पाण्यावर तू पोट भरणार?’ ती त्यानंतर माहेरी गेली नाही. मामा वर्षातून दोन कार्डं टाकायचा, बाबा ती मोठ्यानं वाचायचे आणि आई तेवढा वेळ तांदूळ निवडत बसायची. माझ्या लग्नात मामा आला, मामाचा मान म्हणून माझ्यामागं उभा राहिला आणि न जेवता परत गेला. आई अडवायला गेली नाही.

हे कार्ड वाचून झाल्यावर मात्र ती म्हणाली, ‘त्याला तिथं कोण आहे आता? तू जा आणि त्याला घेऊन ये.’

‘तू चल ना. त्यानं तुला बोलावलंय.’

‘मला नाही बघायचं ते पाणी.’

आमच्या आईशी वाद घालायचा तर आधी दोन दिवसांची रजा काढावी लागते. माझ्याकडे रजा तेवढीच होती, ती मी प्रवासासाठी ठेवली.

पुण्याहून संध्याकाळची गाडी पकडली की सकाळी हिंगोली येतं. जाणाऱ्यांसाठी सांगते, खिडकी उजव्या बाजूची घेऊ नका, सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. स्टँडसमोर गरम पोहे मिळतात आणि वर तर्री ओतू का असं विचारत नाहीत, सरळ ओततात. तिथून कळमनुरीची एसटी, आणि पुढं काळीपिवळी जीप. जीपमध्ये नऊ माणसं बसतात असं लिहिलेलं असतं. आम्ही सतरा होतो आणि एक कोंबडी. जीपवाल्यानं मला विचारलं, ‘ताई, लाँचवर काहून जाता? पुलावरून पाच मिनिटांत पल्याड सोडतो की.’

‘आज शेवटची फेरी आहे ना.’

‘व्हय, तेवढ्यासाठीच अख्खं गाव खोळंबून राहिलंय. कोणी आक्का येणार हाय म्हने पुण्याची.’

मी बाहेर बघायला लागले. कपाशीची शेतं पांढरी झाली होती, तुरी फुलावर होत्या, आणि मला त्यातलं काही धड दिसत नव्हतं.

काठावर मामा उभा होता. उंच, काळासावळा, धुवून घट्ट झालेला खाकी शर्ट. जीप थांबली तसा तो पुढं आला. मी उतरले, पाया पडले, तरी तो माझ्या खांद्यावरून जीपमध्ये बघत होता. एकेक माणूस उतरलं, कोंबडी उतरली, जीप रिकामी झाली.

‘आक्का?’

‘आईचे गुडघे दुखतात रे मामा. एवढा प्रवास झेपला नसता.’ आईचे गुडघे ठणठणीत होते. ती तेव्हा रोज पर्वतीला चढून जायची.

‘व्हय, वय झालं की आता,’ तो म्हणाला आणि माझी पिशवी त्यानं उचलली. मग मागं वळून सगळ्यांना सांगितलं, ‘आक्काला तकलीफ हाय पायाची. पोरगी आली तिची. चला, बसून घ्या.’

तीसेक माणसं होती. नऊच्या जीपची वाट बघून झाली होती, दहाचीही झाली होती, मी साडेदहाच्या जीपनं आले होते. कुणी एका शब्दानं कुरकुर केली नाही, त्यामुळं मला जास्तच लाज वाटली.

लाँच मी पहिल्यांदाच बघत होते. मोठी असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात एसटीच्या निम्म्या लांबीची, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, वर पत्रा, मध्ये इंजिन. रंग जिथं उरला होता तिथं निळा. बायका तिला ‘गाडी’ म्हणायच्या. या गाडीतून नवऱ्या सासरी गेल्या, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, शाळामास्तर वेळेवर पोचले किंवा वेळेवर पोचलो नाही याचं कारण सांगायला त्यांना ती उपयोगी पडली. दोन रुपये तिकीट होतं. त्या दिवशी मामानं कुणाकडून घेतलं नाही.

भंगाराचं काम घेतलेले रफिकभाई हिंगोलीहून आले होते. साठीचे, सफारी घातलेले, बोलायला फार मऊ. त्यांच्या माणसांनी आदल्याच दिवशी बॅटरी काढून नेली होती. आज एका ट्रॅक्टरची बॅटरी काठावर आणून, वायरी जोडून इंजिन सुरू केलं गेलं. ते धडधडायला लागलं तसे रफिकभाई मामाला म्हणाले, ‘भाऊ, अब बीच में बंद मत करना. बॅटरी नहीं है. एकदम उस पार जाके ही बंद करो.’

‘बराबर,’ मामा म्हणाला. ‘मला काय कळत न्हाई का?’

रफिकभाई पुलावरून गाडीनं पलीकडं गेले. आम्ही निघालो.

त्या लाँचची एक रीत होती, ती मला माझ्या शेजारी बसलेल्या सुभद्राबाईंनी सांगितली. सत्तरी ओलांडलेली ही बाई जुन्या गावात आईच्या शेजारी राहायची. पाण्याच्या मध्यावर खाली जुनं गाव आहे. तिथं आलं की मामा इंजिन बंद करायचा. लाँच आपसूक पुढं सरकत राहायची, आणि तेवढ्या वेळात ज्याचं घर खाली असेल त्यानं ते मोठ्यानं सांगायचं. हा पार. ही आमची ओसरी. इथं आमची म्हैस बांधायची. नव्या सुनांनाही सासरचं घर असंच दाखवायचे. ज्या लेकरांनी ते गाव कधी बघितलं नाही, त्यांनाही त्यातली गल्लीन् गल्ली पाठ होती. मग मामा बटण दाबायचा आणि लाँच पुढं जायची. वीस वर्षांत एकही फेरी याशिवाय झाली नाही.

‘एकडाव एक साहेब ओरडला, टाइम काहून घालवता म्हनून,’ सुभद्राबाई म्हणाल्या. ‘तुझ्या मामानं त्याला सांगितलं, साहेब, कोनाच्या दारावरून जाताना बोंबलत जात न्हाईत.’

मी हसत होते, तेवढ्यात इंजिन बंद झालं.

मामानं ते बंद केलं होतं. दोन्ही किनारे सारख्याच अंतरावर होते आणि समोरची टेकडी नि काठावरची मोठी चिंच एका रेषेत आली होती, म्हणजे जुनं गाव आलं होतं. त्याच्या हातानं रोजचं काम केलं. हात मागं घेतल्यावर त्याला आठवलं. त्यानं बटण दाबलं, परत दाबलं, आणि मग आमच्याकडे बघितलं. एवढा ओशाळलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

‘चुकलं,’ तो म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसायला लागले. एकजण म्हणाला, ‘मामा, तिलाच जायचं न्हाई पल्याड, तू काय करतो.’ पोरांनी बांबू पाण्यात घातले, ते तळाला लागेनात. पलीकडच्या काठावर रफिकभाई दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होते आणि ते काय असेल हे ऐकू न येताही सगळ्यांना कळत होतं.

हसणं ओसरल्यावर सुभद्राबाईंनी सुरुवात केली. ‘हे आमचं घर. दारात शेवगा.’ मग दुसरा, मग तिसरा. इतर दिवशी ही वेळ दोन-तीन मिनिटांची असायची. त्या दिवशी आम्ही तिथं तास-दीड तास अडकलो आणि लोकांनी गाव पूर्ण सांगितलं. कुठल्या भिंतीला तडा होता, कुणाच्या माळवदावर पापड वाळायचे, कुठल्या आडाचं पाणी गोड होतं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या मेलेल्या बैलांची नावं सांगत होते. मग सुभद्राबाईंनी मला कोपरानं ढोसलं. ‘तुझं सांग की माय.’

मला काहीच माहीत नव्हतं. आईनं त्या घराबद्दल एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला रडू येईल असं वाटायला लागलं.

मामा उठून माझ्याजवळ आला. ‘हे बघ, इथं,’ त्यानं पाण्याकडे बोट केलं. ‘दोन खनाचं घर. मागं न्हानी. न्हानीच्या दगडावर आक्का माझी मान धरून डोकं घासायची. मी लई ओरडायचो.’ मग तो म्हणाला, ‘आक्काला वाटतं मी पोटासाठी लागलो इथं. पोटाला काय, रानातबी मजुरी भेटली असती. पर रोज घरावरून जायला मिळत व्हतं. तिला एकडाव बसवावं हिच्यात, एवढंच व्हतं डोक्यात. म्हनून तर तीन येळा मोडीत निघाली, तीन येळा मीच हातापाया पडून दुरुस्त करून घेतली.’

मी त्याला गुडघ्यांचं खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटी दोन भोई आपले डोंगे घेऊन आले, दोर बांधला आणि आम्हाला ओढत नेलं. त्यांच्या जाळ्यांतून लाँच काढली म्हणून वीस वर्षं ज्यांच्या शिव्या मामानं खाल्ल्या, तेच हे लोक. ‘आज तरी हळू चाललास गड्या,’ त्यातला एक म्हणाला.

काठावर रफिकभाई रागावतील असं वाटलं होतं. मामानं सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, ‘जाने दो. बीस साल की आदत है, मैं भी भूल जाता.’ बायकांनी लाँचला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग रफिकभाईंच्या पोरांनी गॅसकटर पेटवला.

तोडायला दोन दिवस लागले. मामा दोन्ही दिवस बाभळीखाली बसून होता. मला वाटलं होतं त्याला तिथून हलवावं लागेल. उलट तो कापणाऱ्यांना सांगत होता, ‘तिकडून घे, तिथला पत्रा गळलाय. इथं डबल हाय, हात भाजेल तुजा.’ लाँचची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कापून पडली तेव्हा तो उभा राहिला आणि परत बसला. रफिकभाईंनी विचारलं, ‘भाऊ, कुछ रखना है इसका?’

‘न्हाई. ठेवून काय करू?’

मुक्काम मामाच्या घरी होता. ज्वारीची भाकरी, धरणातल्या मासळीचं झणझणीत कालवण, लसणाचा ठेचा. मी रडले ते ठेच्यानं, असं मी त्याला सांगितलं. तिसऱ्या सकाळी मी म्हटलं, ‘मामा, पुण्याला चल. आईनं त्यासाठीच पाठवलंय मला.’ त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, ‘ती सोता म्हनली का, का तुझ्या मनाचं?’ मी म्हटलं, स्वतः म्हणाली. त्यानं घराला कुलूप लावलं.

परतताना वाशीमकडच्या गाडीनं गेलो. तुम्हीही त्या रस्त्यानं गेलात तर कनेरगाव नाक्याला पिठलं-भाकरी जरूर खा, कांदा मागावा लागत नाही. मामानं मात्र चहाच घेतला. सबंध वाटेत तो पूल दिसला की खिडकीतून खाली बघायचा आणि किती पाणी आहे ते मला सांगायचा.

पुण्यात दार आईनंच उघडलं. दोघं उभे राहिले. ‘हातपाय धू,’ ती म्हणाली. पाट मांडला, ताट वाढलं. भाजी कशाची केली होती ते मला आठवत नाही. मामा खाली मान घालून जेवत होता आणि आई समोर बसून त्याच्याकडे बघत होती. दोन घासांनंतर तो म्हणाला, ‘आक्का, बंद झाली लाँच. तोडली. आता न्हाई जात मी त्या पान्यावर.’ चुकी कबूल केल्यासारखं म्हणाला तो.

आई म्हणाली, ‘काहून तोडू दिलीस? मी येनार व्हते.’

तीस वर्षं पुण्यात राहिलेल्या माझ्या आईच्या तोंडून ही बोली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. कापणं चालू असताना दोन दिवस कोरडे राहिलेले मामाचे डोळे आता ताटात गळत होते.

‘कधी?’ त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

याला आता काही वर्षं झाली. मामा आमच्याकडेच असतो. दोघं सकाळी गॅलरीत चहा पितात, आणि न्हाणी घराच्या मागं होती की बाजूला, यावरून तावातावानं भांडतात. मी दोनदा जीप करून नेते म्हटलं, पुलावरून निदान पाणी तरी बघून येऊ. आई तयार होते, मग तिचे गुडघे दुखायला लागतात. आता ते खरोखरच दुखतात.