साडूंची जीप आणि भरती

माझ्या साडूंनी फोर बाय फोर जीप घेतली आणि ती मिरवायला मेहुणीसह पनवेलहून थेट श्रीवर्धनला आमच्याकडे आले. डोक्यावर शिकाऱ्याची टोपी! शिकार कसली, तर आमच्या सुपारीच्या वाडीतल्या डासांची.

"ही डोंगर चढते, वाळू काय चीज आहे?" म्हणत त्यांनी आम्हाला बसवलं आणि गाडी समुद्रावर नेऊन पाण्यालगतच्या ओल्या, चकचकीत वाळूत घातली. तिथेच ती रुतली. भरती सुरू झाली होती.

"टायरमधली हवा कमी करा, चाक पसरेल, मग निघेल," मी म्हटलं.

"नव्या टायरची हवा काढू? भाऊ, तुम्ही आपली स्कूटरच चालवा!"

आणि या महापुरुषाने ॲक्सिलरेटर असा दाबला की चाकांनी आपापले खड्डे खणले. खोटं कशाला बोलू, मला फार मजा येत होती. लाट मागच्या टायरला लागली तेव्हा मात्र मेहुणीने केसातली पिन काढली.

"उतरा खाली. भावोजी, तुम्ही चाकांपुढची वाळू उपसा."

पिनेने वॉल्व्ह दाबून, हवा सोडून तिने चारही टायर मऊ केले, नवऱ्याच्या जागी बसली आणि गाडी सावकाश, जराही झटका न देता कोरड्या वाळूवर आणली.

साडू धापा टाकत मागून आले आणि छाती काढून म्हणाले, "बघितलंत? याला म्हणतात फोर बाय फोर! आण चावी."

"मागे बसा," मेहुणी म्हणाली, "आणि पंपावर हवा भरेपर्यंत तोंड उघडू नका."